दोन कातेरिना

जिन्यावर बूट वाजले आणि कातिनाच्या हातातल्या तबकात पेले किणकिणले. त्या इमारतीत असे बूट घालणारा एकच होता, थानासिस. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या कातेरिनाचा मुलगा, गुप्त पोलिसांतला.

दार सताड उघडं होतं आणि लावायची सोय नव्हती. आज संत कातेरिनाचा दिवस, आणि कातिना हे कातेरिनाचंच लाडकं रूप. जिचं ते नाव, तिच्या घरी आज कुणीही यावं, बोलावणं लागत नाही. थेसालोनिकीत आजच्या दिवशी कातेरिनाचं दार बंद दिसलं तर लोक विचारतात, घरात कोण वारलं? आणि ग्रीसवर राज्य करणाऱ्या लष्करानं विद्यापीठाच्या फाटकाशी रणगाडे आणल्याला आठवडा होत होता. या वर्षी विचारणारे फक्त शेजारी नव्हते. म्हणून कातिनानं आसऱ्याला आलेल्या मिर्सिनीला लपवलंच नाही. सरळ पाहुण्यांत बसवलं, शिंपी पाव्लोस आणि त्याच्या बायकोच्या मधे.

पोरीचा चेहरा कुणाला माहीत नव्हता. भीती होती ती आवाजाची. विद्यापीठात कोंडून घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या रेडिओवर तीच बोलत होती. अमक्याला पकडलंय, तमक्याला कोठडीत मारतायत, डॉक्टर पाठवा, पाव पाठवा, घराबाहेर या. तो घोगरा आवाज अख्ख्या शहराच्या कानात बसला होता.

"तोंड म्हणून उघडायचं नाही," कातिनानं तिला सकाळीच बजावलं होतं.

थानासिस आत आला तो रिकाम्या हातानं. "उदंड आयुष्य, कातिनाकाकू," म्हणाला आणि मिर्सिनीच्या बरोबर समोर बसला.

"सरकारला कॉफी कशी चालते?" पाव्लोसनं विचारलं. "कडूच ना?"

त्याच्या बायकोनं त्याला कोपर मारलं. कुणी हसलं नाही.

कातिना तबक घेऊन फिरू लागली. बिहीच्या फळाचा मुरंबा चमचाभर, वर गार पाणी. चमचा उचलण्याआधी पाहुण्यानं मोठ्यानं शुभेच्छा द्यायच्या असतात. लहान मुलंसुद्धा देतात. मिर्सिनीची पाळी आली. तिनं मान लववली आणि घाईघाईनं चमचा तोंडात कोंबला.

"या बोलत नाहीत वाटतं?" थानासिस म्हणाला.

"माझी भाची ती. व्होलोसची," पाव्लोस म्हणाला. "दाढ ठणकतेय बिचारीची सकाळपासून."

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कळलं. पोरीचा गाल मुरंब्यानं फुगलेला होता.

"दाढ ठणकत असताना मुरंबा?"

मिर्सिनीला तो घास ना गिळता येईना, ना थुंकता. पाव्लोसची बायको मांडीवरचा रुमाल उलगडत आणि पुन्हा घडी घालत राहिली.

थानासिसनं आपला मुरंबा संपवला, सावकाश. पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "आईच्या नावाचा दिवसही आजच असतो. पहाटेपासून दार उघडं टाकून बसलीय. पेले पुसून मांडलेत. एक माणूस फिरकलं नाही."

खरं होतं. दरवर्षी सगळी इमारत आधी थोरल्या कातेरिनाकडे जायची आणि मग खाली कातिनाकडे यायची. या वर्षी कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. वर कुणी गेलं नव्हतं, एवढंच.

"मला काय म्हणायचं ते म्हणा," तो म्हणाला. "तिनं काय केलंय?"

दारात जाऊन त्यानं कोटाची बटणं लावली. "संध्याकाळी गाडी येणार आहे. एकेक घर उलटंपालटं करतील. माझ्या आईचं सोडून." मग म्हणाला, "मी इथं काही बोललो नाही."

बूट जिना उतरून गेले.

"सापळा आहे हा," पाव्लोस कुजबुजला. "पोरगी वर गेली की आयती सापडेल."

"आणि इथं राहिली तर?" कातिनानं विचारलं.

तिला इतकंच कळत होतं की बाहेर उजेड कमी होतोय आणि आपल्याला भयंकर भीती वाटतेय. तिनं एप्रन सोडला. कुणीतरी आणलेला मिठाईचा खोका अजून फोडलेला नव्हता. तो मिर्सिनीच्या हातात दिला.

"चल. रिकाम्या हातानं जायचं नसतं."

दोन जिने चढताना दोघींनी एकमेकींचा दंड घट्ट धरला होता. वर दार उघडंच होतं. टेबलावर पेल्यांची रांग, तिच्यावर पांढरं फडकं. थोरली कातेरिना काळा ठेवणीतला पोशाख घालून खुर्चीत ताठ बसली होती. ती उठली नाही. वाट बघत राहिली.

इथं शुभेच्छा चुकवता येणार नव्हत्या. मिर्सिनीनं कातिनाकडे पाहिलं. कातिनानं डोळे मिटून घेतले.

"उदंड आयुष्य लाभो, आजी," मिर्सिनी म्हणाली.

म्हातारीनं मान वळवली. कान आवाजाच्या दिशेनं केला आणि कितीतरी वेळ पोरीकडे बघत राहिली. मग काठी टेकत उठली आणि दोघींना ओलांडून दाराशी गेली. पहाटेपासून उघडं असलेलं दार तिनं ढकललं, कडी घातली.

म्हातारी टेबलाशी आली. पेल्यांवरचं फडकं काढलं, मुरंब्याची बरणी पुढं ओढली.

"किती ओरडत होतीस गं त्या रेडिओवर," ती म्हणाली. "घसा गेला असेल. बस, आधी गोड खा."