दोनदा केलेला हिशोब

"चार महिन्यांत एकदाही अडला नाही!" धाकटी म्हणाली.

काचेपलीकडे तिचा भाचा झोपला होता. आठ दिवसांचा, ओंजळीत मावेल एवढा. त्याच्या नळीत थेंब थेंब औषध सोडणाऱ्या पंपाचा प्रोग्राम धाकटीनेच नव्याने नीटनेटका केला होता. थोरली बहीण दिसेल त्या नर्सला हे सांगत सुटली होती.

बाळाला बघायला आलेले तिच्या ऑफिसातले मास्तर काचेला नाक लावून उभे होते. ते आणि तिथल्याच एक जुन्या बाई, या दोघांनी हा प्रोग्राम मुळात लिहिला. दोघंही आता निवृत्त झाले होते.

"पूर्वी महिन्यातून चार-पाचदा तरी अडायचा," मास्तर म्हणाले. "मग नर्स वैतागून कागदावर मात्रा काढत बसायच्या."

"वैतागणारच! मात्रेचा हिशोब एक, आणि तुम्ही तो लिहिलात दोनदा. एकदा तुम्ही, एकदा बाईंनी. उत्तरं जुळली नाहीत की पंप बसला अडून. मी तुमचा काढून टाकला. बाईंचा सुटसुटीत होता, आता दोन्हीकडे तोच चालतो. साडेतीन हजार ओळी गेल्या, मास्तर!"

साहेबांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली होती. आता मास्तरांनीही थोपटावी, एवढंच तिला हवं होतं.

मास्तरांनी काचेवरून नाक काढलं. "हे दोन एक करू नयेत, असं हिशोबाच्या वरच लिहिलं होतं मी."

"अहो, तसं तर प्रत्येक फाइलीत कुणी ना कुणी लिहिलेलंच असतं. कारण कुठे लिहिलं होतं?"

मास्तर बाकावर बसले.

"आम्ही वेगवेगळ्या खोल्यांत बसून लिहिलं. सहा महिने एकत्र चहासुद्धा घेतला नाही, एकाची चूक दुसऱ्याला लागू नये म्हणून. इतक्या लहान बाळांच्या मात्रेत कधी माझं चुकायचं, कधी बाईंचं. पण दोघांचं एकसारखं कधीच चुकलं नाही. एकाचं चुकलं की पंप अडायचा. त्यासाठीच तर होता तो सगळा खटाटोप, पोरी."

धाकटीने काचेतून पंपाकडे पाहिलं. बाईंचा हिशोब आता स्वतःशीच जुळत होता. बरोबर असो की चूक, दर वेळी जुळत होता. चार महिन्यांत किती बाळं या पंपाला लागली असतील, हे तिला मोजवेना.

ती दोन्ही हातांनी काच बडवू लागली. आतली नर्स दचकून वळली.

"बंद करा! तो पंप बंद करा! मात्रा कागदावर काढा!"

थोरलीने धावत येऊन तिचा दंड धरला. "अगं, वेड लागलं का तुला? तुझाच आहे ना तो पंप?"

"माझा आहे म्हणूनच सांगतेय, ताई! बंद करायला लाव!"