नमुन्याचा पालक

भाज्यांवरचं कीटकनाशक तपासायच्या खोलीत नवं एन्झाइम आलं होतं. भाजीच्या रसात ते घातलं की नळी उजळायची. रसात विष असेल तर एन्झाइम मरायचं आणि उजेड मंदावायचा. जुन्याला जे कळत नव्हतं, ते याला कळायचं.

पहिल्याच दिवशी तिथे तपासणी करणाऱ्या बाईंच्या बिनफवारणीच्या पालकाची नळी मिणमिणली. तुलनेसाठी लागणारा हा पालक त्या स्वतःच्या, सासऱ्यांनी राखलेल्या परसातून आणायच्या. दोन वर्षं बाजारातला सगळा पालक त्याच्याच उजेडाशी ताडून पास झाला होता.

"एन्झाइमची बाटली तरी नासली असेल," शेजारचा तपासनीस म्हणाला, "नाहीतर तुमच्या सासऱ्यांनी गुपचूप काहीतरी मारलंय."

"जिभेला काही हाड? माझी लेक खाते तो पालक!"

बाईंनी तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा तेच. मग त्यांनी भिंतीच्या फटीतलं तण उपटून त्याचा रस काढला. ती नळी लख्ख उजळली; म्हणजे बाटली चांगली होती. सकाळी लेकीच्या डब्यात पालकच दिला होता. त्यांनी घरी सासऱ्यांना फोन लावला.

"बाबा, खरं सांगा. पालकावर काही मारता?"

"मारतो की. पण तुझ्या ऑफिसला जातो तेवढ्याच वाफ्यावर. साहेबांपुढे भोकं पडलेली पानं ठेवून तुझी मान खाली नको जायला. घरात काय, आपल्याला किडकी चालतात."