ढगांवरचा महाल

मलेशियात, पेनांगच्या जत्रेत मी पहिल्यांदाच माझी परीकथेतली चित्रं आणि ढगांवर तरंगणारा कागदी महाल मांडला होता. बाळाच्या झोपेतून वेळ चोरून केलेला. लोक बघायचे आणि मुलांचे हात धरून भराभर पुढे निघायचे.

शेवटी शेजारच्या स्टॉलवरच्या चिनी गाइक सिम आँटी थांबल्या. "कोण गेलं गं तुमच्याकडचं?"

"कोणी नाही, आँटी. मेलेल्यांना वर पोचावं म्हणून तुम्ही कागदी घर जाळता, तसला हा नाही. माझ्या मनातला आहे."

त्यांनी चष्मा सावरून एकेका खिडकीतून आत पाहिलं. "एवढा महाल, आणि स्वयंपाकघर कुठंय?"

"करायचं राहूनच गेलं."

"आता करूही नकोस," त्या हळूच म्हणाल्या. "पोरं माझ्यामागे तीन मजली कागदी बंगला जाळणार आहेत. त्यांना सांगते, मला हाच पाठवा."