दोन बोटं आत

"माप घ्यायचं नाही. जुनंच धर," थोरली जाऊ म्हणाली आणि टेप घेऊन उभ्या असलेल्या धाकटीपासून मागे सरली.

"ते पाच वर्षांपूर्वीचं आहे, ताई."

"मग? मी काय वेल आहे वाढत राहायला?"

धाकटी हसली नाही. लग्नानंतर लगेच तिने घरच्या घरी शिवणकाम सुरू केलं होतं, आणि एवढ्या वर्षांत एक गोष्ट ती शिकली होती : माप द्यायला जी बाई कां कूं करते, तिचं पोट सुटलेलं असतं. थोरलीचा सोनेरी कोट, त्याच्या आतला जाड स्वेटर, वरून रेशमी स्टोल, हा सगळा थाट ते झाकण्यासाठीच असणार. डोक्यावर पंखा गरगरत होता, तरी बाई कोट उतरवायला तयार नव्हती.

थोरलीने पिशवीतून कापड काढून मशीनवर पसरलं. निळंशार साटन, त्यावर टिकल्यांची नक्षी.

"अडुसष्टाव्या वर्षी टिकल्या?" धाकटीने विचारलं.

"मग कधी? तुझं बरं आहे बाई. सुती गाउन आणि त्याला दोन खिसे. एकात चष्मा, एकात किल्ल्या. सगळा संसार खिशात."

"टोचत तर नाही अंगाला."

"टोचावं थोडं. नाहीतर अंग आहे हेच विसरायला होतं."

तेवढ्यात धाकटीचा नवरा पुस्तकात बोट घालून बाहेर आला. चार माणसांत तोंड न उघडणारा हा गृहस्थ कापडाकडे पाहून म्हणाला, "वहिनी, हा रंग तुम्हाला खुलून दिसेल." आणि लाजून परत आत गेला.

धाकटीने कात्री जोरात मिटली. मागच्या आठवड्यात तिने नवा गाउन घातला तेव्हा याच माणसाने विचारलं होतं, "हे पडद्याचं कापड का गं?" ते पडद्याचं उरलेलंच होतं. पण म्हणून विचारायचं?

ज्यासाठी हा ड्रेस शिवायचा, त्या फोटोची टूमही थोरलीचीच. सगळ्या कुटुंबाचा एक मोठा फोटो, तोही स्टुडिओत जाऊन, आणि याच रविवारी. आधीचा फोटो बाहेरच्या खोलीत टांगलेला होता. त्यात मधोमध थोरली, मोरपंखी पोशाखात. धाकटी कडेला, कुणाच्या तरी खांद्याआड अर्धी. घरी आलेला पाहुणा फोटोसमोर थांबला की हमखास विचारायचा, "या मधल्या कोण हो?" कडेच्या बाईबद्दल आजवर कुणी विचारलं नव्हतं.

या खेपेला आपण मध्ये बसायचं, असं धाकटीने मनाशी ठरवलं होतं. जांभळ्या रंगाचं भारी कापड आणून तिने स्वतःसाठी गुपचूप ड्रेस शिवला होता. चार दिवस तो कपाटात तिला राजवस्त्रासारखा वाटला. आता या निळ्या टिकल्यांपुढे त्याचं पोतेरं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने थोरलीचं कापड बेतलं. जुनं माप समोर ठेवलं आणि छातीत, कमरेत, दंडात, सगळीकडे दोन-दोन बोटं आत घेतली. चांगला शिंपी शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतो, पुढे सैल करता यावं म्हणून. त्याला माया म्हणतात. धाकटीने ती कधी कुणाची कापली नव्हती. आज शिवणीपर्यंत छाटून टाकली.

"वहिनींचा का?" नवऱ्याने दारातून विचारलं.

"हो."

"मन लावून शिव हं."

"मन लावूनच शिवतेय."

ड्रेस तिने घरी पोचवला नाही. इस्त्री राहिलीय, काजं राहिलीत, असं सांगत रविवार गाठला आणि पुडकं थेट स्टुडिओतच थोरलीच्या हातात दिलं. थोरली ते घेऊन कपडे बदलायच्या खोलीत गेली.

फोटोवाल्याने खुर्च्या मांडल्या. मुलं-सुना उभ्या राहिल्या. धाकटी जाऊन मधल्या खुर्चीत बसली. जांभळ्या ड्रेसचा गळा तिला काचत होता, पण ती मान ताठ ठेवून बसली. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि चष्मा पुसून परत पाहिलं.

"हा नवीन का?" तो म्हणाला.

"पडद्याचा नाहीये," ती म्हणाली, आणि तिला फार बरं वाटलं.

आतून अजून काही आवाज नव्हता. चेन अडली असणार. आता हाक येईल, मग हळहळायचं, 'अगंबाई, जुन्या मापानेच तर शिवला' म्हणायचं, आणि थोरलीला कोट चढवून मागच्या रांगेत उभं करायचं.

"धाकटे, जरा आत ये गं."

धाकटी चेहरा पाडून आत गेली आणि दार लोटून घेतलं.

स्टुलावर सोनेरी कोट होता. त्याच्यावर स्वेटर, त्याच्यावर आणखी एक स्वेटर. आरशासमोर थोरली उभी होती. गळ्याखालची हाडं वर आलेली, दंड काठीसारखे. आणि निळा ड्रेस तिच्या अंगावर नीट बसला होता. कुठे सुरकुती नाही, कुठे ओढ नाही. चेन मानेपर्यंत लागलेली.

"मुलालासुद्धा सांगितलं नाही मी अजून," थोरली आरशातूनच म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, फोटोबिटो काय काढायचा तो याच महिन्यात काढून घ्या. सगळे कपडे लोंबायला लागले होते बघ. झाकत फिरत होते. म्हटलं, हाही लोंबणार."

ती वळली आणि तिने धाकटीचे दोन्ही हात धरले.

"माप न घेता तुला कसं कळलं गं? एवढं बारीक लक्ष माझ्याकडे आजवर कुणीच ठेवलं नाही."