निळी वही

"तुला कशाला हवंय सर्टिफिकेट? वर्षभरात लग्न करून जाशील," असं म्हणत भोगटेनं ऑफिसात माझ्या टेबलावरची निळी वही उचलली. जावा या कॉम्प्युटर-भाषेच्या परीक्षेत आम्हा दोघांपैकी ज्याला जास्त मार्क, तो टीमचा लीड होणार होता. वही मधूनच उघडून त्यानं पानांचे फोटो काढले. मेल्यानं विचारलंसुद्धा नाही.

'अरे, आधी पहिलं पान वाच,' अगदी ओठांवर आलं होतं. पण मागच्याच महिन्यात माझा प्रोग्राम त्यानं स्वतःचा म्हणून साहेबांना दाखवला होता. मी त्याला फोटो काढू दिले आणि वही पिशवीत टाकली.

पुढचे पंधरा दिवस तो डबा खाता खाता माझी उत्तरं घोकत होता. "प्रायव्हेट मेथड सबक्लासमधून थेट वापरता येते. बघ, तोंडपाठ! समजून घ्यायला वेळ कुणाला आहे?"

"छान. असंच पाठ कर," मी म्हटलं.

त्याचा पेपर सकाळी होता, माझा दुपारी; परीक्षा कॉम्प्युटरवर, निकाल लगेच हातात. मी केंद्रावर पोचले तेव्हा तो निकालाचा कागद चुरगाळत दारातच उभा होता. "नापास झालो! तुझी सगळी उत्तरं चुकीची आहेत!"

मी पिशवीतून वही काढली आणि पहिलं पान त्याच्या नाकासमोर धरलं. त्यावर लाल शाईनं लिहिलं होतं: 'सराव परीक्षांत मी चुकलेली उत्तरं. पुन्हा असं लिहायचं नाही.'

"चोरी तरी पहिल्या पानापासून करायची," मी म्हणाले आणि पेपर द्यायला आत गेले.