खिळ्यावरची पिशवी

मुलांनो, दाराआडच्या खिळ्यावर टांगलेली एका आजीची कापडी पिशवी डोळ्यांसमोर आणा. तिच्यात टॉवेल, कंगवा आणि औषधं असायची. गरिबांच्या झोपड्या पाडायला बुलडोझर आला, की आजी आडवी उभी राहायची आणि पोलीस तिला पकडून न्यायचे. म्हणून निघतानाच ती पिशवी घ्यायची. आजोबा चिडवायचे, "निघाली माहेरी! फौजदार भाऊच ना हिचा!" नात रडायला लागली, की आजी म्हणायची, "वेडाबाई, पिशवी सोबत आहे ना? मग मी परत येणारच." आणि ती यायचीच. परवा मात्र तिला घाईघाईत दवाखान्यात नेलं, तेव्हा पिशवी घरीच राहिली. आजी तिथेच गेली. तिला घरी आणलं, तेव्हा ज्यांची घरं तिनं वाचवली, तेच तिला खांदा द्यायला आले. नातीचं लक्ष खिळ्याकडे गेलं. "थांबा, आजी पिशवी विसरली!" धावत येऊन तिनं पिशवीचा बंद आजीच्या गार बोटांत नीट अडकवला.