कोपऱ्यातला हत्ती

साहेबांच्या दाराशी पोचेपर्यंत स्टोअरकीपरच्या छातीचा भाता झाला होता. बावन्न पायऱ्या! हातात शाईच्या डब्यांच्या मागणीचा कागद, त्यावर सही हवी, आणि बोलायला श्वास नाही. असा धापा टाकत आत गेला की साहेब आधी खुर्चीकडे बघत आणि मग त्याच्याकडे. ते त्याला फार लागायचं. म्हणून तो बाहेरच भिंतीला टेकला.

जेवणाच्या सुट्टीत साहेबांचं दार लोटलेलं असे. आत साहेब आणि मुख्य प्रूफरीडर, दोघंच. छापखान्यातले लोक म्हणत, आत नोकरकपातीची खलबतं चालतात.

"साहेब, तुमचा तो पांढरा हत्ती पहिल्यापासून कोपऱ्यात बसून आहे," प्रूफरीडर सांगत होते. "नुसती जागा अडवतो. त्याला जरा हलवा, नाहीतर गेला समजा."

"गेला तर गेला," साहेब म्हणाले. "दुसरा आहे की."

हे आपल्याबद्दलच, स्टोअरकीपरनं ओळखलं. छापखान्यात हत्ती एकच. डोक्यावरचा एकूण एक केस पांढरा, वजन एकशे चार किलो, आणि बैठक तळघराच्या कोपऱ्यात, कागदाच्या रिमांमागे. हे नाव मशीनमननं ठेवलं आणि बघता बघता साऱ्या छापखान्याच्या तोंडी बसलं. पण साहेबांच्या खोलीतही तेच चालावं? आणि वर दुसरा माणूस बघूनही ठेवलेला! सही न घेताच तो खाली उतरला.

"पोटासाठी नोकरी करायची, आणि ती पोटापायीच जायची," संध्याकाळी बायकोला सांगताना त्याचे डोळे भरून आले. "एकोणतीस वर्षांत एक रीम इकडची तिकडे झाली नाही गं. ते कुणाला दिसत नाही. दिसतं ते एवढंच."

"मी येते उद्या आणि विचारते त्यांना," बायको कंबर कसून उभी राहिली. मग जरा थांबून म्हणाली, "हलवा असंच म्हणाले ना? मग हलू या. मलाही गुडघ्यांसाठी चालायचंच आहे."

बूट घ्यायला गेले तर दुकानदारानं विचारलं, "मुलासाठी का?"

"नाही, हत्तीसाठी," बायको म्हणाली. "जरा मजबूत दाखवा."

पहिल्या दिवशी बागेला अर्धी फेरी झाली. बाकावरची दोन पोरं जमिनीला हात लावून "भूकंप, भूकंप" म्हणाली. त्याचं तोंड एवढंसं झालं. तो वळणार तोच बायकोनं त्याचं मनगट धरलं. "हत्ती चालतो आपल्या चालीनं, कुत्री भुंकतात. चला अहो, पुढे बघा."

तो पुढे बघू लागला.

दर शनिवारी, सगळे गेले की तो कागदाचे गठ्ठे तोलायच्या काट्यावर चढायचा. एकशे तीन. शंभर. एका आठवड्यात पुन्हा एकशे एक, तेव्हा त्यानं काट्यालाच लाथ घातली आणि अंगठा सुजवून घेतला. दोन दिवस चालणं बंद! बायको इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. तिसऱ्या दिवशी तो लंगडत का होईना, तिच्याआधी तयार होता.

चौथ्या महिन्यात मशीनमन जिन्यात भेटला. "काय हत्ती, जिन्याचा विमा उतरवलाय ना?"

"उतरवलाय," स्टोअरकीपर न थांबता म्हणाला. "तू वर ये सावकाश."

तो वर पोचला तेव्हा मशीनमन दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभा होता. दोन दिवसांनी तोच तळघरात आला. कान खाजवत म्हणाला, "सकाळी कुठे जाता चालायला? मी आलो तर चालेल? आणि ते हत्ती म्हणणं... जाऊ द्या, चुकलं माझं." स्टोअरकीपरला फार बरं वाटलं. त्यानं त्याला बागेची वेळ सांगितली.

सहा महिन्यांत काटा शहाऐंशीवर आला. त्याला पंचाऐंशी हवे होते. हत्ती गेला नि शेपूट राहिलं, असं तो स्वतःच म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. झोप लागू लागली होती. बुटांच्या नाड्या तो उभ्यानं वाकून बांधायचा, आणि कुणी बघत असेल तर दोनदा बांधायचा.

मग एका सोमवारी मशीनमन धावतच आला. "ऐकलंत का? कपातीची यादी आजच होतेय म्हणे. साहेब नि प्रूफरीडर दार लावून बसलेत."

स्टोअरकीपरनं हातातली वही मिटली. एवढं करूनही साहेबांनी त्याला धड पाहिलेलं नव्हतं. धाप गेल्यापासून कागदावर सही करताना ते मान वरही करत नसत. आता गप्प बसलो तर गेलोच, असं त्याला वाटलं. तो उठला. बावन्न पायऱ्या एका दमात चढला, शर्ट नीट खोचला आणि न विचारता दार ढकलून आत शिरला.

साहेबांनी दचकून काहीतरी खणात सारलं. प्रूफरीडर लालबुंद झाले.

"साहेब, यादी करण्याआधी एकदा नीट बघा," स्टोअरकीपर म्हणाला. आवाज थरथरत होता, पण धाप नव्हती. "सहा महिने रोज हललोय मी. हत्ती कोपऱ्यातून बाहेर पडलाय!"

"यादी? कसली यादी?" साहेब गोंधळून म्हणाले. मग त्यांनी अर्धवट उघड्या खणात डोकावून पाहिलं, आणि भलतेच चिडले. "आणि हत्ती बाहेर पडेल कसा हो? पुढचं प्यादं जागचं हललेलं नाही, शेजारी घोडा तसाच उभा!"